केअर प्लॅनचा शेवटचा रकाना

नर्सिंगच्या विद्यार्थिनीला केअर प्लॅनबद्दल विचारलं तर ती फाईलबद्दल बोलते. इतके प्लॅन लिहायचे, मॅडमची सही घ्यायची, परीक्षेला जर्नल दाखवायचं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला विचारलं तर ती म्हणते, ते कॉलेजातलं झालं, इथं कामाला वेळ पुरत नाही. आणि रुग्णाच्या नातेवाइकांना विचारलं तर त्यांना प्लॅन ठाऊकच नसतो. सिस्टरच्या अंगी सेवाभाव हवा, हात हलका हवा, बोलणं मायेचं हवं, एवढंच त्यांचं मागणं. ही तीन मतं वेगवेगळी वाटतात, पण तिन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे: आजाऱ्याच्या बाबतीत विचार करायचा तो डॉक्टरांनी, सिस्टरनं हात चालवायचे. ही समजूत उथळ आहे आणि तिची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

माझं म्हणणं असं. केअर प्लॅन म्हणजे परिचारिकेनं स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं विधान असतं. या माणसाची ही अडचण आहे. मी अमुक केलं तर अमुक वेळात त्याच्यात अमुक फरक दिसेल. असं विधान खरं ठरेल किंवा खोटं ठरेल. ते तपासण्याची जागा म्हणजे प्लॅनचा शेवटचा रकाना, इव्हॅल्युएशनचा. आपल्या नर्सिंग शिक्षणात हाच रकाना सर्वांत कमी शिकवला जातो, आणि तो रिकामा किंवा खोटा राहिला की आधीच्या सगळ्या रकान्यांना अर्थ उरत नाही. हे मी टप्प्याटप्प्यानं मांडतो. उदाहरणं मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातली घेतो, कारण घाटावर आणि घाटाखाली जे रुग्ण इथल्या दवाखान्यांत येतात, त्यांच्या बाबतीत छापील प्लॅन किती तोकडा पडतो हे लगेच दिसतं.

पहिला टप्पा: परिचारिकेचं निदान वेगळं असतं

नर्सिंग ही विचाराची रीत आहे, ही मांडणी फार जुनी नाही. आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ साली रुग्ण आणि परिचारिका यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये युरा आणि वॉल्श यांनी त्या रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईसला परिचारिकांची परिषद भरली आणि नर्सिंग डायग्नोसिसची यादी करायला सुरुवात झाली. तेव्हापासून निदान ही स्वतंत्र पायरी झाली. आज आपल्याकडच्या जीएनएम आणि बीएस्सीच्या मुली असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन अशा पाच पायऱ्या पाठ करतात. त्यातलं डायग्नोसिस मात्र त्यांना डॉक्टरांच्या निदानाची सावली वाटतं. केसपेपरवर न्यूमोनिया दिसला की प्लॅनमध्ये श्वासाचा त्रास लिहायचा, अशी मळवाट पडली आहे.

ही दोन निदानं किती वेगळी असतात ते शेगाव तालुक्यानं दाखवलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस झपाट्यानं गळू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागलं. पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे गेले, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं आणि त्यावर वाद झाला. वैद्यकीय कारणाचा शोध असा लांबत गेला. पण गावात राहणाऱ्या माणसाच्या अडचणी पहिल्या दिवशीच उघड्या होत्या. नळाच्या पाण्याची भीती, आंघोळीची भीती, कॉलेजच्या मुलीला तोंड लपवावंसं वाटणं. टिंगल झाली, लग्नं मोडली, अशा बातम्याही आल्या. कारण कळेपर्यंत यातल्या एकाही अडचणीला थांबायची गरज नव्हती. ‘अमुक मुलीनं आठ दिवसांपासून घर सोडलेलं नाही, पंधरा दिवसांत ती पुन्हा वर्गात बसेल’ हे विधान एखादी एएनएम पहिल्याच घरभेटीनंतर लिहू शकते, आणि पंधरा दिवसांनी ते तपासूही शकते. त्याला प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही.

परिचारिकेचा प्रांत हा असा स्वतंत्र आहे. आजार शरीरात काय करतो हा डॉक्टरांचा प्रश्न. आजारासकट हा माणूस आजचा दिवस कसा काढतो हा तिचा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याइतकीच काटेकोर रीत लागते, हे एकदा मान्य केलं की प्लॅनला निव्वळ कागद म्हणता येत नाही.

दुसरा टप्पा: अंमलबजावणी म्हणजे हुकूम पाळणं नव्हे

खरिपात कापूस-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण येतात. काही फवारताना बाधा झालेले, काही स्वतःहून औषध घेतलेले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज दिलं, त्यांत बुलढाणा होता. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरसची विषबाधा हा इथल्या वॉर्डाचा नेहमीचा विषय आहे.

अशा रुग्णाला डॉक्टर अ‍ॅट्रोपिन लिहून देतात. आता सिस्टरचं काम काय? ठरल्या वेळी इंजेक्शन देणं, असं उत्तर आलं तर तिचं निम्मं काम उत्तरातून गळालं. अ‍ॅट्रोपिनचा डोस रुग्णाकडे बघून कमी-जास्त होतो आणि रात्रभर रुग्णाकडे बघणारी तीच असते. छातीतली घरघर थांबली का, काखेतला घाम सुकला का, नाडी ऐंशीच्या वर राहते का, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या त्या उघडल्या का. दुसरीकडे ताप चढला, रुग्ण बरळू लागला, लघवी अडली, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याची शंका घ्यायची. इथे औषध देणं आणि त्याचा परिणाम तपासणं ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत.

खरी कसोटी त्यापुढे आहे. १९८७ साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की सुरुवातीच्या धोक्यातून सावरलेल्या काही रुग्णांचे स्नायू चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान दुबळे होतात आणि श्वास बंद पडू शकतो. नातेवाइकांना तोवर हायसं वाटलेलं असतं. रुग्ण शुद्धीवर आहे, चहा मागतो आहे, चार्टावर व्हायटल्स ठीक आहेत. त्या वेळी दर पाळीत सिस्टरनं खाटेशी उभं राहून एवढंच म्हणायचं: ‘बाबा, उशीवरून मान उचलून दाखवा.’ काल त्यांनी मान उचलून धरली होती आणि आज ती उशीवरून सुटत नसेल, तर डॉक्टरांना त्याच मिनिटाला बोलवायचं. मानेचा हा दुबळेपणा श्वास घेणाऱ्या स्नायूंच्या आधी दिसतो. या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पण कालच्या पाळीत मान किती उचलली गेली हे कुठेतरी लिहिलेलं लागतं, नाहीतर आजच्या मानेची तुलना कशाशी करणार?

हे लिहिलेलं म्हणजेच केअर प्लॅन. विद्यार्थिनीच्या फाईलमध्ये त्याच रुग्णाखाली बहुतेक वेळा असं असतं: ‘रुग्णाला धीर दिला. व्हायटल्स पाहिले. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार औषधं दिली.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि एकाही वाक्यानं रुग्ण वाचणार नाही.

तिसरा टप्पा: मोजता येईल असं उद्दिष्ट

‘रुग्णाला आराम वाटेल’ असं उद्दिष्ट लिहिलं की इव्हॅल्युएशन आपोआप ‘आराम वाटला’ असं होतं. चुकण्याची सोयच ठेवली नाही, तर शिकण्याचीही उरत नाही.

लकव्यानं पडून असलेल्या म्हाताऱ्याचं उदाहरण घ्या. ‘बेडसोअर होऊ देणार नाही’ एवढं लिहून भागत नाही. त्याला धोका किती, हे आधी ठरवावं लागतं. ब्रेडन स्केलमध्ये संवेदना, ओलेपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण देतात, सहापासून तेवीसपर्यंत. अठरा किंवा कमी आले तर धोका धरायचा. मग दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीपासून सुटतील अशी उशी पायाखाली द्यायची आणि प्रत्येक वेळी माकडहाडाजवळची, टाचांची, खांद्यांची कातडी पाहायची. पाठ्यपुस्तक सांगतं, लाल डाग बोटानं दाबा, पांढरा पडला नाही तर व्रणाची सुरुवात समजा. ही खूण गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या शेतकऱ्याच्या सावळ्या पाठीवर तो लाल डाग दिसतच नाही. तिथे हाताच्या पालथ्या बाजूनं ऊब चाचपावी लागते, कातडी आजूबाजूपेक्षा कडक झाली की पिठासारखी मऊ झाली हे बोटांनी कळावं लागतं. जी विद्यार्थिनी नुसता लाल डाग शोधते, ती रोज ‘स्किन इंटॅक्ट’ असं प्रामाणिकपणे लिहील आणि आठव्या दिवशी कातडी फाटेल.

काटेकोर काळजी काय करू शकते याचा पुरावा महाराष्ट्रात आहे. नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर झाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा ही बाब न्यायालयासमोर आली होती. लोक याला माया म्हणतात. माया होतीच. पण परिचारिकांच्या किती पिढ्या बदलल्या! जिनं अरुणाताईंना धडधाकट पाहिलं होतं ती निवृत्त झाली, तिच्या जागी आलेली निवृत्त झाली, तरी कातडी शाबूत राहिली. एका पाळीनं दुसऱ्या पाळीला, एका पिढीनं दुसऱ्या पिढीला नेमकं काय करायचं आणि काय तपासायचं हे सोपवल्याशिवाय असं घडत नाही. या कामगिरीला केवळ करुणा म्हणणं म्हणजे त्या स्त्रियांचं ज्ञान नाकारणं आहे.

चौथा टप्पा: उद्दिष्ट चुकलं, तर चूक कुठे?

हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या फायलींमध्ये तो जवळजवळ नसतोच.

पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागात भूगर्भातलं पाणी खारट, आणि किडनीच्या आजारानं त्रस्त माणसं गावोगाव. समजा अशा एका गावचा, पन्नाशीचा शेतकरी वॉर्डात आहे. पायाला सूज, लघवी कमी. विद्यार्थिनी पुस्तकाप्रमाणे लिहिते: शरीरात पाणी साठलं आहे, कालची लघवी अधिक अर्धा लिटर एवढंच पाणी दिवसभरात द्यायचं, तीन दिवसांत वजन दोन किलोनं उतरेल. उद्दिष्ट चांगलं आहे. मोजता येतं, कारण एक किलो वजन म्हणजे साधारण एक लिटर पाणी. तिसऱ्या दिवशी काटा अर्धा किलो वर गेलेला असतो.

आता काय लिहायचं? रिवाज असा, की ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’ लिहून सही घ्यायची. किंवा पेशंट ऐकत नाही, असा शेरा मारायचा. खरं तर विद्यार्थिनीनं इथून शोध सुरू करायला हवा, आणि तो क्रमानं करायला हवा.

आधी मोजमाप. वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी घेतलं का? नसेल तर निष्कर्ष काढायला जागाच नाही. मोजमाप बरोबर असेल तर अंमलबजावणी. इनटेक-आउटपुट चार्टावर सलाईनमधून गेलेलं पाणी धरलं, गोळ्यांबरोबरचं धरलं, पण रात्री पुतण्यानं आणलेलं ताक धरलं का? तेही बरोबर असेल तर योजना. पाण्याची मर्यादा त्याला कशात मोजून दिली होती? मिलिलिटर म्हणजे काय हे त्यानं का जाणावं. पाण्याचा तांब्या भरून दाखवला होता का? आणि हे सगळं ठीक असेल, तर असेसमेंटच चुकलं होतं. माणूस पाणी का पितो, हे विचारलंच नव्हतं. जेवणात ठेचा, लोणचं, वर भाजीत मीठ. वर्षानुवर्षं खारट पाणी पिऊन जिभेला तीच चव. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच. मग त्याला हट्टी म्हणून चालणार नाही. अडचण मिठाची होती आणि प्लॅन पाण्याचा लिहिला. पहिल्याच दिवशी त्यानं ‘ताई, तोंड सुकते, राहवत नाही’ असं सांगितलेलंही असेल, पण ते वाक्य त्याच्या शब्दांत असेसमेंटच्या रकान्यात उतरलं नाही, म्हणून हरवलं.

मोजमाप, अंमलबजावणी, योजना, असेसमेंट. चूक या चारपैकी कुठे आहे हे ओळखणं म्हणजे इव्हॅल्युएशन. साध्य किंवा असाध्य असा शिक्का मारणं हा त्याचा फार छोटा भाग आहे. ज्या मुलीनं असा एक फसलेला प्लॅन शेवटपर्यंत तपासला, ती वीस यशस्वी प्लॅन उतरवून काढणाऱ्या मुलीपेक्षा जास्त शिकली, असं मी ठामपणे म्हणेन.

आक्षेप

वेळ कुठे आहे? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणं अन्यायाचं होईल. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एक सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते हे कुणीही आजारी नातेवाइकाजवळ एक रात्र बसून पाहू शकतो. पदं भरली पाहिजेत, याला पर्याय नाही. पण मनुष्यबळ अपुरं असतं तेव्हा कुणाकडे आधी जायचं हे ठरवण्याची गरज वाढते. तीस रुग्णांपैकी मान उचलता न येणारा कोण आणि कूस बदलायची कुणाची, एवढं ओव्हर देताना स्पष्ट असेल तर एकटी सिस्टरही त्या दोघांपर्यंत वेळेत पोचेल. सगळ्यांचे लांबलचक प्लॅन लिहावेत असं माझं म्हणणं नाही. धोक्यातल्या रुग्णांचे चार-पाच ओळींचे, खरे, रोज तपासलेले प्लॅन हवेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो खुद्द नर्सिंगमधून आला. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी आयुष्यभर परिचर्येचा पाया घातला, पण १९८२ साली त्यांनीच ‘नर्सिंग प्रोसेस’ या नावाखाली सगळी परिचर्या पायऱ्यांत बसवण्याबद्दल शंका घेतली. अंतःप्रेरणेला, अनुभवाला आणि इतरांबरोबर मिळून करायच्या कामाला त्यात जागा कुठे, असा त्यांचा प्रश्न होता. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की मुरलेली परिचारिका नियमांची यादी मनात चाळत बसत नाही. तिला रुग्णाकडे पाहताच कळतं. हे दोन्ही मला पटतं. वीस वर्षं मेडिकल वॉर्डात काढलेली परिसेविका दारातूनच ‘त्या तीन नंबरकडे आधी बघ गं’ म्हणते आणि ती बरोबर ठरते. पण दोन गोष्टी विसरू नयेत. बेनर यांच्याच मांडणीत तज्ज्ञतेच्या पाच पायऱ्या आहेत आणि नवखी मुलगी पाचव्या पायरीवर एकदम उडी मारत नाही. आपल्या अंदाजांचं पुढे काय झालं हे अनेकदा पाहिल्यावर तशी नजर तयार होते. आणि ती नजर परिसेविकेबरोबर दुपारी दोनला घरी जाते. संध्याकाळच्या पाळीला ती मिळायची तर तीन नंबरमध्ये नेमकं काय खटकलं, हे कागदावर यावंच लागतं.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमाच्या मुलींना हे झेपणार नाही. याचं उत्तर गडचिरोलीत मिळालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं एकोणचाळीस गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या नवजात बाळाचं वजन करत, ताप पाहत, श्वास मोजत, ठरलेल्या खुणांवरून जंतुसंसर्ग ओळखत आणि सगळं लिहून ठेवत. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला. त्या स्त्रियांचं लिहिणं मराठीत होतं आणि दर भेटीत तपासलं जात होतं. बारावी पास होऊन तीन वर्षं जीएनएम करणाऱ्या, पातुर्डा किंवा डोणगावहून आलेल्या मुलीला ते न झेपायला काय कारण आहे? तिला जड जातो तो पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांचा साचा. निरीक्षण तिला जड जात नाही.

शिकवण्यात काय बदलायला हवं

पहिली गोष्ट गुणांची. आज जर्नलमध्ये सगळी उद्दिष्टं साध्य झालेली दिसली की गुण मिळतात, त्यामुळे विद्यार्थिनी खोटं लिहायला शिकते. पोस्टिंगमधल्या प्लॅनपैकी निदान एक तरी फसलेला, कारण शोधलेला आणि दुरुस्त केलेला असावा, आणि त्याला सर्वांत जास्त गुण असावेत. नवं पुस्तक, नवी इमारत, काही लागत नाही. तपासणाऱ्यांनी ठरवलं की झालं.

दुसरी गोष्ट, तोच रुग्ण. सोमवारी मेडिकल, बुधवारी सर्जिकल अशी फिरवाफिरव असेल तर प्लॅनचा शेवट मुलगी पाहतच नाही. निदान पाच दिवस तिला एकाच रुग्णाकडे परत जाता आलं पाहिजे. पाठ्यनिर्देशिकेनं सही टेबलाशी न करता खाटेशी उभं राहून करावी, आणि रुग्णालाच विचारावं, कालपेक्षा आज काय वेगळं वाटतं.

तिसरी गोष्ट डिस्चार्जची. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यातल्या रुग्णाला अकोल्याला पाठवण्याचं प्रमाण हळूहळू कमी होईल, अशी आशा आहे. पण वॉर्डातून सुटून संग्रामपूरच्या पुढच्या गावी गेलेल्या त्या शेतकऱ्याचा प्लॅन आज डिस्चार्ज कार्डाबरोबर संपतो. कार्डावर गोळ्या असतात, परिचर्येची एक ओळ नसते. विद्यार्थिनीनं लिहिलेलं एक पान त्याच्याबरोबर उपकेंद्रात जायला हवं. घरी जातानाचं वजन आणि ते कुठल्या काट्यावर घेतलं. दिवसभरात किती तांबे पाणी. मिठाबद्दल घरातल्या कुणाशी बोलणं झालं. सूज कुठवर चढली की वाट न पाहता परत यायचं. पुढचं वजन कोणत्या तारखेला. आणि ते घेणाऱ्या सिस्टरचं नाव.